शांते, तुझी मेंढी मी आणली

शांते, तुझी मैना मी अकोल्याला घेऊन आले. हस, पोटभर हसून घे. मुलांची डॉक्टर कुसुम इस्त्रीचं पातळ नेसून ढेपेच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसलेली, आणि मागे पोत्यांवर तुझा चपराशी गुलाबराव मेंढीच्या गळ्यात हात घालून. बडनेरा सुटलं तसं मैनेनं एक पोतं फोडलं आणि अकोला येईपर्यंत ती सरकीची ढेप खातच होती. ड्रायव्हरनं मला विचारलं, "बाई, बकरीद तं होऊन गेली, मंग हे कोठी घेऊन चालल्या?" मी म्हटलं, "ही कापायची नाही. ही नोकरीवर आहे." त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा रस्त्याकडे पाहिलं आणि मूर्तिजापूरपर्यंत तोंड उघडलं नाही.

तुला जाऊन महिना होत आला. अमरावतीला तुझ्या जागी रक्त तपासायला नवे साहेब आलेत. माणूस सज्जन आहे, पण पहिल्याच दिवशी त्यांना दवाखान्यामागच्या अंगणात मेंढी दिसली. ही कोणाची म्हणाले. गुलाबराव म्हणाला, बाईंची. साहेब म्हणाले, बाई तर गेल्या, आता विकून टाका. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गुलाबराव माझ्या दारात उभा. "मॅडम, मैना बजारात चालली," एवढंच बोलला आणि पायरीवर बसून राहिला.

शेवटची भेटलीस तेव्हा तू विचारलं होतंस, "कुसमे, मैनेले ठेवशील काय तुह्याजवळ?" मी म्हटलं, आधी तू बरी हो, मग पाहू. तू मान वळवून खिडकीतून अंगणात पाहत राहिलीस. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. हो म्हटलं असतं तर तू जाणार हे मान्य केल्यासारखं झालं असतं, आणि ते मी काही केलं तरी मान्य करणार नव्हते. तर हे घे आता उत्तर. माझ्या दवाखान्याच्या मागे कडुनिंबाखाली बांधली आहे, आणि माझी जास्वंद निम्मी खाऊन झाली आहे.

तुझी शोकसभा झाली. भाषणं झाली. एक गृहस्थ म्हणाले की डॉक्टर शांताबाईंनी आयुष्यभर सारं मुकाट्यानं सोसलं. मला असं हसू फुटलं की पदर तोंडात कोंबावा लागला. शेजारच्या बाईला वाटलं मी रडते आहे, ती बिचारी माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली. मुकाट्यानं! तू! मेसच्या वरणात मीठ कमी पडलं तर तुझा आवाज फाटकापर्यंत जायचा. पण त्या बाईचा हात पाठीवर फिरत राहिला, आणि मग मला खरंच रडू आलं, आणि ते थांबेना.

नागपूरच्या होस्टेलात तू पहिल्यांदा खोलीत शिरलीस ते आठवतं. उजवा पाय सरळ, काठीसारखा. गुडघ्यात वाकतच नव्हता. मी विचारलं, काय गं, काय झालं? "चिंचेवरून पडली." दोन दिवसांनी शेजारच्या खोलीतल्या मुलीला तू सांगितलंस, बोरीवरून पडली. मेसच्या बाईला सांगितलंस, विहिरीच्या काठावरून. मला वाटलं, पोरगी बेरड दिसते, सारखी कुठून ना कुठून पडत असेल. आम्ही सगळ्या पाटावर बसून जेवायचो आणि तू खिडकीच्या कट्ट्यावर ताट घेऊन राणीसारखी बसायचीस. बाजारात भाजी निवडायला मी उकिडवी बसले की तू उभ्याउभ्या वरून हुकूम सोडायचीस, "ते नोको, ते किडकं हाय, बाजूचं घे." पुढे इतक्या वर्षांत मी त्या पायाबद्दल परत विचारलं नाही आणि तू कधी सांगितलं नाहीस. आणि ते कळलं ते सुजातामुळे.

सुजाता माझ्याकडे आली तेव्हा नऊ वर्षांची होती. बार्शीटाकळी स्टेशनवर गाडीचे रूळ बदलणाऱ्या श्रावणभाऊंची मुलगी. त्यांच्या घरानं दीक्षा घेतली त्याच साली ही जन्मली, म्हणून आजीनं पसंत केलेलं नाव बाजूला सारून बापानं हौसेनं सुजाता ठेवलं. बापाच्या खांद्यावर बसून आली. दोन्ही गुडघे नवलकोलासारखे फुगलेले, मनगटं सुजलेली. आई सांगत होती की सकाळी पोरीचं अंग लाकडासारखं असतं, दुपारी जरा मोकळी होते, दिवस कलला की ताप चढतो आणि अंगावर गुलाबी पुरळ येतं, ताप उतरला की पुरळ गायब. तिच्यावर कोणी विश्वास ठेवत नव्हतं, कारण दवाखान्यात सगळे सकाळी येतात आणि सकाळी पुरळ नसायचं. मी पोरीला संध्याकाळपर्यंत बसवून घेतलं. दिवेलागणीच्या सुमारास ते पुरळ माझ्या डोळ्यांदेखत उमटलं. आई म्हणाली, "पाहा! मी काय खोटं सांगून राहिली होती?"

लहान मुलांचा संधिवात. मला शंका नव्हती. पण अकोल्यात हाडांच्या बाबतीत शेवटचा शब्द कोणाचा, हे तुला माहीत आहे. त्यांचं नाव इथे घेत नाही. तू त्यांना चुनेवाले म्हणायचीस, कारण त्यांच्या खोलीतून बाहेर पडणाऱ्या दर दुसऱ्या माणसाला प्लास्टर असायचं. माणूस वाईट नव्हता, शांते, हे तूही म्हणायचीस. हाडाच्या टीबीची किती पोरं त्यांनी प्लास्टर घालून वाचवली ते मी पाहिलं आहे. पण त्यामुळेच त्यांना सुजलेला गुडघा दिसला की टीबी दिसायचा. "संधिवात म्हातारपणचा. नऊ वर्षांच्या पोरीला कुठला संधिवात? दोन्ही गुडघे टीबीचे आहेत. वर्षभर प्लास्टर," ते म्हणाले. मी म्हटलं, छातीचा फोटो स्वच्छ आहे, टीबीची कातडीवरची टेस्ट कोरी आली. म्हणाले, कधी कधी येते कोरी. मी म्हटलं, संधिवाताचे सांधे वर्षभर बांधून ठेवले तर ते तसेच धरून बसतील, पोरगी परत गुडघे वाकवणार नाही. ते म्हणाले, आणि टीबीचे मोकळे सोडले तर? दोघांनाही भीती खरीच होती. शेवटी तेच म्हणाले, "अमरावतीच्या तुमच्या मैत्रिणीकडे रक्ताची नवी टेस्ट आहे म्हणता ना? करून आणा. संधिवात निघाला तर मी हात लावणार नाही."

तिथून आपली खरी फजिती सुरू झाली.

त्या टेस्टचं तुला किती वेड होतं! मुंबईहून सिरमची बाटली आली तेव्हा तू ती घरच्या देवासारखी बर्फाच्या पेटीत बसवलीस. मला दहा वेळा समजावून सांगितलंस. मेंढीचं रक्त घ्यायचं, त्यातल्या लाल पेशी धुवायच्या, सशापासून तयार केलेलं ते सिरम त्यांच्यावर चढवायचं, आणि मग रोग्याच्या रक्तातलं पाणी घालायचं. संधिवात असेल तर पेशी एकमेकींना चिकटून गोळा होतात. नसेल तर नळीच्या तळाशी गुपचूप जाऊन बसतात. मैना तेव्हा नव्हती. खाटकाकडून रक्त आणायचं काम गुलाबरावकडे होतं. काचेचे मणी घातलेली बाटली हलवत हलवत तो यायचा, रक्त गोठू नये म्हणून, आणि रस्त्यात सगळ्यांना सांगायचा, आमच्या बाईचं काम हाय.

सुजाताची टेस्ट केलीस आणि ट्रंक कॉल लावलास. लाइनवर नुसती खरखर. "कुसमे, नाही आलं. निगेटिव्ह." चुनेवाल्यांनी रिपोर्ट पाहिला आणि मान हलवली. शुक्रवारी प्लास्टर ठरलं. श्रावणभाऊंनी सुट्टी टाकली. पोरीला कोणी तरी सांगितलं होतं की प्लास्टर म्हणजे पायाला पांढरं पातळ नेसवतात, म्हणून ती खूष होती.

तू मात्र अमरावतीत फिरफिर फिरत होतीस. हे मला नंतर गुलाबरावनं सांगितलं, "बाई तीन दिवस जेवल्याच नाहीत ना धड." तुझा स्वतःच्या हातावर भरवसा होता, म्हणून तू टेस्टलाच परीक्षेला बसवलंस. गुलाबरावच्या म्हाताऱ्या आईची बोटं संधिवातानं इतकी वाकडी झाली होती की तिला घास उचलता येत नव्हता. तिचं रक्त घेतलंस. टेस्ट केली, निगेटिव्ह. आता हे काही होणं शक्य नव्हतं. त्या बाईला संधिवात आहे हे रस्त्यावरचा माणूसही सांगेल. म्हणजे पेशीच खोट्या. तू गुलाबरावला समोर उभं केलंस.

"गुलाबराव, रक्त कायचं आणता तुमी?"

"बोकडाचं, बाई."

"मी मेंढीचं सांगितलं होतं ना?"

आणि तो भला माणूस छाती काढून म्हणाला, "मेंढीचं कोण घेते, बाई? तुमी काय कोणी ऐऱ्यागैऱ्या हा काय? तुमच्यासाठी मी खास चांगल्या बोकडाचं आणून राहिलो होतो. खाटीक मेंढीचंच देत होता, मी भांडून बोकडाचं घेतलं."

तू टेबलावर डोकं टेकून हसलीस म्हणे, हसता हसता डोळे पुसलेस. तुझ्या मानासाठी त्यानं भांडून सगळी टेस्ट बुडवली होती, आणि त्या मानाला रागावायचं तरी कसं? त्याच दुपारी त्याला घेऊन तू धनगराकडे गेलीस आणि मैना विकत आणलीस. तुला खाली बसून मेंढीच्या मानेतून रक्त काढता येईना, म्हणून गुलाबराव तिला उचलून तपासणीच्या जुन्या टेबलावर उभी करायचा आणि तू उभ्यानं काढायचीस. त्या मेंढीला अजून टेबल दिसलं की ती जवळ जाऊन उभी राहते, कोणी उचलेल याची वाट पाहत. काल माझ्या जेवणाच्या टेबलाशी येऊन उभी होती.

शुक्रवारी सकाळी तू अकोल्याच्या गाडीतून उतरलीस, हातात जेवणाचा डबा. मला वाटलं, हिनं भाकरी आणली. तू डबा उघडलास तर कापसात गुंडाळलेल्या तीन नळ्या. मी विचारलं, काय निघालं? तू म्हणालीस, "चाल, तिथंच सांगतो."

त्या खोलीत आपण किती जण होतो? चुनेवाले टेबलामागे, श्रावणभाऊ भिंतीला टेकून, सुजाता त्यांच्या कडेवर, बाजूला प्लास्टरची पट्टी भिजवायची बादली. मी दाराशी. तू तीन नळ्या खिडकीत उजेडात धरल्यास.

"पहिली टेस्ट चुकली. मेंढीच्या जागी बोकडाचं रक्त होतं. माही चूक, लॅब माही हाय. हे पाहा परत केलेलं. हे एका म्हातारीचं, झालं गोळा. हे सुजाताचं."

चुनेवाल्यांनी नळी वर धरून पाहिली. "हे तर परत निगेटिव्ह आहे."

"हो. निगेटिव्ह."

खरं सांगते, शांते, त्या क्षणी मला तुझा संताप आला. एवढी धावत आलीस, आणि हे सांगायला? साहेब म्हणाले, "मग झालं की. आता तर खात्रीच झाली."

"ही तिसरी नळी पाहा ना," तू म्हणालीस.

"ही पण निगेटिव्ह. कोणाची?"

तू पातळ गुडघ्याच्या वर ओढलंस, टाच त्यांच्या टेबलावर टेकवलीस आणि तो सरळ पाय त्यांच्या कागदांवर ठेवलास. "ही माही हाय."

तू अगदी सावकाश बोललीस, एरवी कधी बोलायची नाहीस तसं. सात वर्षांची असताना गुडघे सुजले. संध्याकाळी ताप, अंगावर पुरळ. टीबी सांगितला. उजव्या गुडघ्याला वर्षभर प्लास्टर. डाव्याला घालायच्या आधी दवाखान्यात नेणारे आजोबा वारले, पुढे कोणी नेलंच नाही, म्हणून डावा उघडा राहिला. "उघडा राहिला तो वाकते. बांधला तो नाही वाकत. टीबी कुठीच नव्हता. अन् टेस्ट माह्या रक्तालेही नाही म्हणते. म्हातारीचा संधिवात वेगळा, पोरांचा वेगळा. नाव एक हाय म्हणून आपण दोघांले एकाच काट्यावर मोजून राहिलो."

चुनेवाले उठले. टेबलाला वळसा घालून आले आणि त्यांनी तुझा गुडघा दोन्ही हातांनी धरला, डॉक्टर धरतो तसा. हलवून पाहिला. विचारलं, "कोणी घातलं होतं प्लास्टर?"

"होते एक. तुमच्यासारखेच होते. चांगले होते."

मग श्रावणभाऊ बोलले. "साहेब, मी शिकलेला माणूस नाही. माह्या पोरीले चालता आलं पायजे, शाळेत जाता आलं पायजे. पण या बाईचा पाय पाहून आता मले ते प्लास्टर नोको." साहेब म्हणाले, सहा महिने मी थांबतो, त्यानंतर मी बघेन. आणि प्लास्टरची बादली त्यांनी स्वतः उचलून बाहेर ठेवली.

स्टेशनवर मी तुला एवढंच म्हटलं, "चिंच? बोर? विहीर?" तू म्हणालीस, "कुसमे, चहा पाज आता, लय भूक लागली." मी पाजला. तो विषय आपण पुन्हा काढला नाही. मला विचारायचं होतं, शांते. सात वर्षांची असताना त्या प्लास्टरमध्ये पडून तू काय पाहत होतीस, कोणाशी बोलत होतीस, पाय बाहेर आला आणि वाकला नाही तेव्हा कोण जवळ होतं. आता विचारून काय करू? आणि तूही सांगितलं नसतंस. नवीन झाड काढलं असतंस.

सुजाताला मी सोडलं नाही. ॲस्पिरिन, कानात शिट्टी वाजेपर्यंत. सकाळी घंगाळात कोमट पाणी आणि त्यात गुडघे हलवायचे, रडली तरी हलवायचे. रात्री गुडघे आखडू नयेत म्हणून वेताच्या पट्ट्या. पोरगी मला बोलायची, "तुमाले सोताचे लेकरं नाहीत म्हणून दुसऱ्याच्या लेकराले छळता!" बाप मान खाली घालायचा, आई दटावायची, मी म्हणायचे, बोलू दे, पाय हलव. साहेबांचे सहा महिने संपले तेव्हा ती भिंत धरून चालत होती. पुढच्या वर्षी शाळेत गेली. डावं मनगट पुरतं वळत नाही आणि थंडी आली की ताप डोकावतो. आजार गेलेला नाही, पण गुडघे तिचे आहेत.

मी तुला आनंदानं सांगायला आले, तर तू काय म्हणालीस? "एका पोरीवरून काय समजते? तिचं तिनंच बरं झालं असन. माह्या डाव्यासारखं." मी चिडले होते. इतके कष्ट केले आम्ही, आणि हिला पुरावा पाहिजे! तू मला खुर्चीत ढकललंस आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलंस. काचेवर सुजाताच्या गुडघ्यातलं पाणी होतं, रंग दिलेलं. पांढऱ्या पेशींची गर्दी. "हे सारे पहारेकरी," तू म्हणालीस. "चोर आला नाही तरी आले, अन् घरच्याच माणसाले मारून राहिले. आता ह्या गोल गोल पेशी पाहा. साऱ्या सारख्या दिसतात ना? पण सारख्या नसतीन. लग्नाच्या मांडवात सगळ्यांनी धुवट धोतरं नेसली, तं नवरीकडचे कोण अन् नवऱ्याकडचे कोण, ओळखता येते काय? पण ते वेगळे असतातच ना. काही तरी खूण असन यांच्या अंगावर. आपल्याले दिसून नाही राहिली, एवढंच."

मी म्हटलं, तुझी खूण सापडेल तेव्हा सापडेल, तोवर मला पोरांचे गुडघे हलवू दे. तू म्हणालीस, हलव, पण काचा ठेवून दे. यावरून आपण किती भांडलो! काचा मिळत नव्हत्या तेव्हा. सगळ्या लॅबमध्ये त्या सोड्यात उकळून, धुऊन परत वापरायचे. आणि तू सांध्याच्या आजाराच्या पोरांची एक काच धुऊ द्यायची नाहीस. लाकडी पेट्यांत मांडून ठेवायचीस. तुझ्या हाताखालचे कुरकुरायचे, मीही त्यांच्यातच होते. तू म्हणायचीस, "ज्याच्याजवळ पाहायचा डोया येईन, त्याले पाहायले काही तरी पायजे ना?" आणि प्रत्येक पोराच्या रिपोर्टखाली तू लिहायला लागलीस: निगेटिव्ह. यावरून मुलाला संधिवात नाही असे समजू नये. मी म्हणायचे, मग टेस्ट करतेस कशाला? तू म्हणायचीस, हे वाक्य लिहिता यावं म्हणून.

हे भांडण अर्धवट राहिलं. तुझ्या पायावर सूज आली तेव्हा मला वाटलं, उभं राहून राहून आली. तू नळीत स्वतःची लघवी उकळलीस, ती दह्यासारखी पांढरी झाली, आणि तू मला ती नळी दाखवलीस. "हे पाहा. इतक्या वर्षांचा आजार, आता मूत्रपिंडात जाऊन बसला." एखाद्या पेशंटचं सांगावं तसं सांगितलंस. मी मुंबईला चल म्हणाले, ओरडले, तुझी ट्रंक भरली. तू ती रिकामी केलीस. "मुंबईवाल्यांजवळ याचं औषध असतं तं मीच नसती गेली काय? काचा रंगवायच्या राहिल्या हायेत." मला तुझा राग येतो अजून. चांगला येतो. आणि लगेच वाटतं, दार उघडून तू आत यावंस, तो सरळ पाय पुढे टाकत, आणि मी तुला ओरडावं.

तुला कधी म्हटलं नाही ते आता म्हणते. त्या शुक्रवारी तू नसतीस तर मी हरले असते. माझ्याजवळ शहाणपण होतं, पण टेबलावर ठेवायला काही नव्हतं. तू जे आयुष्यभर झाडांमागे लपवलंस ते एका परक्या पोरीसाठी सगळ्यांसमोर उघडं केलंस. मी तुला चहा पाजला फक्त.

तर ऐक. काचांच्या पेट्याही मी आणल्या. नव्या साहेबांनी त्या सोड्याच्या घमेल्याशेजारी काढून ठेवल्या होत्या. मी सरळ उचलल्या. ते म्हणाले, बाई, हे दवाखान्याचं सामान आहे. मी म्हटलं, तेवढ्या नव्या काचा उद्या पाठवते, आणि जास्त बोललात तर आज इथेच बसते. त्यांनी गुलाबरावला पेट्या उचलायला सांगितलं. मी टेस्ट शिकते आहे. माझा हात तुझ्यासारखा नाही. दोनदा पेशी फुटल्या, एकदा नळीच फुटली. पण मी चिकट आहे, तुला माहीत आहे. जोवर माझ्याकडे पोरं येतील तोवर टेस्ट होईल, ते वाक्य लिहिलं जाईल, आणि काच ठेवली जाईल. ती खूण कोणाला तरी दिसेपर्यंत. मला दिसली नाही तरी चालेल.

परवा मूर्तिजापूरचा एक मुलगा आला, पाच वर्षांचा, गुडघे सुजलेले. कोणी पाठवला असेल? चुनेवाल्यांनी. म्हातारे झालेत आता. आईच्या हाती निरोप दिला होता, "बाईंना सांगा, टेस्ट करा. निगेटिव्ह आली तरी पोराला माझ्याकडे प्लास्टरला आणू नका."

रक्त काढायला मैनेला आणलं. गुलाबराव सकाळीच अमरावतीला परतला होता, आणि ती टेबलाशी जाऊन उभी. मला ती उचलेना. सुजाता आली होती शाळेतून. तेरा वर्षांची झाली, तोंड तसंच आहे. म्हणाली, "उचलता काहून तिले? खालीच काढा ना." तिनं मैनेला ओढून जमिनीवर आणलं आणि समोर उकिडवी बसली. टाचा जमिनीला टेकलेल्या, दोन्ही गुडघे पार छातीला लागलेले. मेंढीचं तोंड काखेत धरलं आणि माझ्याकडे वर पाहिलं.

"धरलं, बाई. काढा आता."

मीही तिच्यासमोर खाली बसले, आणि काढलं.